लांब इंग्रजी शब्दांची फोड : उच्चार, आघात आणि अर्थ

(उच्च प्राथमिक वर्गांना इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांसाठी)

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजीचे अध्यापन सन २००० पासून इयत्ता पहिलीत सुरू होते. पहिल्या तीन-चार वर्षांत मुले गाणी म्हणतात, वस्तूंची नावे सांगतात, लहान वाक्ये बोलतात. आणि हे सर्व ती आनंदाने करतात. पाचवी-सहावीच्या सुमारास मात्र पाठ्यपुस्तकात लांब शब्द वारंवार येऊ लागतात आणि तेथे पुष्कळ मुलांची गाडी अडते. ओळीच्या मध्यापर्यंत बरे वाचत आलेला विद्यार्थी लांब शब्द दिसताच आवाज खाली नेतो, शब्दाचा पहिला ध्वनी उच्चारतो आणि उरलेला शब्द गिळून पुढे जातो. घरी तोच शब्द तो 'टी, आर, ए, एन' असा एकेक अक्षर घेऊन घोकतो. चौदा अक्षरांचा शब्द त्याच्या दृष्टीने चौदा सुट्या खड्यांचा ढीग असतो. एक खडा निसटला की ढीग कोसळतो. असे चार-सहा वेळा घडले म्हणजे 'इंग्रजी आपल्याला येणार नाही' असा निर्णय ते मूल स्वतःच्या मनाशी करून टाकते. बाराव्या वर्षी केलेला हा निर्णय पुढे बदलणे फार कठीण जाते.

वास्तविक लांब शब्द हा ढीग नव्हे. ती रचना आहे. तिच्यात तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली, शब्द तोंडाने उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात. दुसरी, त्यांपैकी कोणत्या तुकड्यावर जोर पडतो. आणि तिसरी, शब्दाचे अर्थाच्या दृष्टीने कोणते घटक आहेत. या तिन्ही गोष्टी आपली मुले मायबोलीत रोज नकळत करीत असतात किंवा मराठी व्याकरणाच्या तासाला शिकत असतात. त्यांचा उपयोग इंग्रजीच्या तासाला कसा करून घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

सोयीसाठी उच्चाराच्या तुकड्यास आपण 'उच्चारखंड' म्हणू आणि अर्थाच्या तुकड्यास 'अर्थखंड' म्हणू. जोरास 'आघात' हा रूढ शब्द आहेच. ज्या खंडावर आघात आहे त्याच्या आधी ' अशी खूण केली आहे.

१. उच्चारखंड

एका झटक्यात उच्चारला जाणारा, ज्यात एकच स्वरध्वनी असतो असा तुकडा म्हणजे उच्चारखंड. 'नाशिक' या शब्दात दोन खंड आहेत : ना-शिक्. 'इगतपुरी' या शब्दात चार आहेत : इ-गत्-पु-री. येथे एक गोष्ट शिक्षकांनी प्रथमच ध्यानात घ्यावी. देवनागरीत लिहिलेली अक्षरे आणि तोंडातून निघणारे उच्चारखंड यांची संख्या मराठीतही नेहमी सारखी नसते. 'करवत' या शब्दात लिहिताना चार अक्षरे येतात. बोलताना मात्र आपण 'कर्-वत्' असे दोनच खंड उच्चारतो. 'घर' हा लिहिण्यात दोन अक्षरांचा शब्द बोलण्यात एकाच खंडाचा आहे. म्हणून खंड मोजताना डोळे मिटावेत आणि कान उघडे ठेवावेत.

इंग्रजीत हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. 'थ्रू' या शब्दाच्या लेखनात सात अक्षरे आहेत. उच्चारात मात्र एकच खंड. 'एरिया' या शब्दाच्या लेखनात अवघी चार अक्षरे आहेत. उच्चारात मात्र तीन खंड. यावरून शब्दाची लांबी अक्षरांवरून ठरविण्यात अर्थ नाही, हे मुलांच्या सहज ध्यानी येते. 'थ्रू' आणि 'एरिया' हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून 'यांतला लांब कोणता?' असा प्रश्न विचारावा. डोळ्याचे उत्तर एक येईल, कानाचे दुसरे येईल. पाठाची सुरुवात करण्यास याहून सोपे साधन नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. हनुवटीखाली हात आडवा धरून शब्द सावकाश म्हणावा. प्रत्येक स्वराला हनुवटी खाली येऊन हाताला टेकते. जितक्या वेळा टेकेल तितके खंड. मोठ्या वर्गात टाळ्यांनी किंवा पावलांनीही मोजता येते. प्रथम मुलांची स्वतःची नावे, मग गावांची नावे, नंतर इंग्रजी शब्द असा क्रम ठेवावा. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत अहिराणी बोलणारी, सुरगाणा, पेठ या भागांत कोकणा व इतर आदिवासी बोली बोलणारी मुले वर्गात असतील, तर त्यांच्या बोलीतील शब्दही फळ्यावर यावेत. 'आंडोर' या अहिराणी शब्दाचे 'आं-डोर' असे दोन खंड पाडता येणाऱ्या मुलाला 'टीचर'चे 'टी-चर' असे दोन खंड पाडणे मुळीच अवघड नाही. घरची बोली, प्रमाण मराठी, हिंदी आणि इंग्रजी असा चार भाषांचा भार हे मूल वाहत असते. त्याच्या घरची बोली या कामी उपयोगाची आहे, असे त्याला दिसले म्हणजे तो भार काहीसा हलका होतो.

२. आघात

मराठीत शब्दातील सर्व खंड जवळजवळ सारख्या जोराने उच्चारले जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण पाळतो, वृत्तांत लघु-गुरू मोजतो. परंतु जोराची जागा बदलली म्हणून मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीचे तसे नाही. एकाहून अधिक खंड असलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दात एक खंड मुख्य असतो. तो थोडा मोठ्याने, थोडा लांबवून आणि बहुधा चढ्या स्वरात उच्चारला जातो. उरलेले खंड त्याच्या मानाने आखडतात आणि त्यांतील स्वर पुष्कळदा आपल्या 'अ'सारखे अस्पष्ट होतात. केळ्याला इंग्रजीत 'ब-'ना-ना' म्हणतात. लेखनात एकच स्वराक्षर तीनदा आले आहे. पण पूर्ण 'आ' उच्चारला जातो तो मधल्या खंडातच. पहिला आणि शेवटचा स्वर इंग्रजांच्या तोंडी 'अ' इतकाच उरतो. स्पेलिंग आणि उच्चार यांत जी फारकत मुलांना छळते, तिचा मोठा भाग या आखडलेल्या स्वरांमुळे उत्पन्न झालेला आहे.

या आघाताचा प्रभाव आपल्या जिल्ह्याच्या एका गावाच्या नावावर झालेला आहे. देवळाली येथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मायदेशी परतणारे सैनिक जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्महिने राहत, आणि त्या कंटाळ्याने काहींचे डोके फिरल्यासारखे होई. त्यावरून 'डूलॅली' हा शब्द 'भ्रमिष्ट' या अर्थाने इंग्रजीत रूढ झाला आणि आजही तो इंग्रजी कोशांत आढळतो. आपण 'देव-ळा-ली' हे तिन्ही खंड सारख्या जोराने म्हणतो. इंग्रज सैनिकाने आपल्या भाषेच्या सवयीप्रमाणे मधल्या खंडावर जोर दिला, 'ळ' त्याला येत नव्हता म्हणून 'ल' केला आणि 'डू-'लॅ-ली' असा शब्द बनविला.

उलट दिशेनेही असेच घडले. 'म्युनिसिपॅलिटी' हा सहा खंडांचा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतील माणसाने 'मुनशिपालटी' असा चार खंडांचा केला. यात त्याने काय टाकले आणि काय राखले, ते पाहण्यासारखे आहे. मूळ शब्दात आघात 'पॅ' या खंडावर आहे. तो खंड आपल्या माणसाने टाकला तर नाहीच, उलट 'पा' असा दीर्घ करून ठेवला. टाकला तो 'लि' हा दुबळा खंड. 'स्टेशन'चे 'ठेसन' झाले, त्यातही आघाताचा खंड शाबूत राहिला. पुस्तक न वाचलेल्या माणसाच्या कानाने इंग्रजीचा आघात अचूक पकडला होता, असा याचा अर्थ होतो. म्हणून 'इस्कूल', 'ठेसन' म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. देवळालीचे 'डूलॅली' करणारा गोरा सैनिक आणि स्टेशनचे 'ठेसन' करणारा आपला शेतकरी, दोघांनीही परका शब्द स्वतःच्या तोंडाच्या वळणावर आणला, इतकेच. मुलाचा शब्द आपण एकदा नीट उच्चारून दाखवावा आणि पुढे जावे.

आघाताची जागा बदलली की इंग्रजीत काही शब्दांची जातच बदलते. निफाड, दिंडोरीकडची द्राक्षे परदेशी जातात. तेव्हा 'एक्स्पोर्ट' हा शब्द तेथील मुलांनी घरी ऐकलेला असतो. ''एक्स्-पोर्ट' असा पहिल्या खंडावर जोर दिला, तर ते नाम होते : निर्यात. 'एक्स्-'पोर्ट' असा दुसऱ्यावर दिला, तर ते क्रियापद होते : निर्यात करणे. 'इम्पोर्ट', 'रेकॉर्ड', 'पर्मिट' या शब्दांची गोष्ट अशीच आहे. नामात आघात आधी, क्रियापदात नंतर, एवढे सूत्र मुलांना पुरेसे आहे.

आता प्रश्न असा की, नव्या लांब शब्दात आघात कोठे आहे हे कसे ओळखावे? सर्व शब्दांना लागू पडेल असा एक नियम नाही. परंतु लांब शब्दांच्या शेवटावरून पुष्कळदा निश्चित अनुमान करता येते. पुढील पाच सूत्रे शिक्षकांनी पाठ ठेवावीत.

(अ) शेवटी 'शन' असेल, तर आघात त्याच्या लगेच आधीच्या खंडावर पडतो. ए-ज्यु-'के-शन, इ-रि-'गे-शन, ऑ-प-'रे-शन, इग्-झॅ-मि-'ने-शन.

(आ) शेवटी 'इटी' असेल, तर त्याच्या लगेच आधीच्या खंडावर. सि-'क्यु-रि-टी, यु-नि-'व्हर्-सि-टी, म्यु-नि-सि-'पॅ-लि-टी. नाशिकरोडच्या छापखान्यामुळे 'सिक्युरिटी प्रेस' आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे 'युनिव्हर्सिटी' हे शब्द जिल्ह्यात सर्वांच्या कानावरून गेलेले आहेत.

(इ) शेवटी 'इक' असेल, तर त्याच्या लगेच आधीच्या खंडावर. इ-'लेक्-ट्रिक, ऑ-ट-'मॅ-टिक. याला काही अपवाद आहेत. अंकगणित या अर्थाचा 'अ-'रिथ्-म-टिक' आणि राजकारण या अर्थाचा ''पॉ-लि-टिक्स' हे दोन मुलांना सांगून ठेवावेत.

(ई) शेवटी 'ग्रफी', 'लजी' किंवा मापकयंत्राचा 'मीटर' असेल, तर आघात बहुधा शेवटून तिसऱ्या खंडावर पडतो. जि-'ऑ-ग्र-फी, बा-'यॉ-ल-जी, थर्-'मॉ-मि-टर.

(उ) 'नेस', 'फुल', 'लेस', 'ली', 'मेंट', 'इंग' हे शेवट मूळ शब्दाचा आघात सहसा हलवीत नाहीत. डि-'व्हे-लप वरून डि-'व्हे-लप-मेंट होतो. दोन्हीकडे आघात 'व्हे'वरच. हा शब्द पहिल्या खंडावर जोर देऊन उच्चारण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती शिक्षकांनी स्वतःपासून सुधारावी.

पहिल्या चार प्रकारच्या शेवटांचा परिणाम एकाच शब्दाच्या कुळात उत्तम दिसतो. ''फो-ट-ग्राफ' म्हणजे छायाचित्र. 'फ-'टॉ-ग्र-फी' म्हणजे छायाचित्रणकला. 'फो-ट-'ग्रॅ-फिक' म्हणजे छायाचित्रविषयक. आघात पहिल्या खंडावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकतो, आणि जेथून तो निघाला तेथील स्वर आखडतो. आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके हे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असत. त्यांची गोष्ट सांगताना हे तीन शब्द सहज फळ्यावर येतात. त्यांच्या पुढील कलेचे इंग्रजी नाव 'सि-न-म-'टॉ-ग्र-फी' हे सहा खंडांचे आहे. पण वरील चौथे सूत्र ठाऊक असलेल्या मुलाला त्यातला आघात न सांगताही सापडेल.

३. अर्थखंड

मराठी व्याकरणात शब्दसिद्धी शिकविताना आपण सिद्ध आणि साधित शब्द, उपसर्ग, प्रत्यय व समास यांची ओळख करून देतो. 'अविश्वसनीय' हा शब्द फोडताना 'अ' हा उपसर्ग, 'विश्वस्' हे मूळ आणि 'अनीय' हा प्रत्यय, असे तीन भाग आपण दाखवितो. आता 'अन्बिलीव्हेबल' हा इंग्रजी शब्द घ्या. 'अन्' म्हणजे नाही, 'बिलीव्ह' म्हणजे विश्वास ठेवणे, 'एबल' म्हणजे योग्य किंवा शक्य. तीन भागांना तीन भाग जुळतात. 'इन्व्हिजिबल' आणि 'अदृश्य', 'इंटरनॅशनल' आणि 'आंतरराष्ट्रीय', 'टेलिव्हिजन' आणि 'दूरदर्शन', 'थर्मोमीटर' आणि 'तापमापक', 'बायॉलॉजी' आणि 'जीवशास्त्र' या जोड्याही अशाच भागाला भाग लावून दाखविता येतात. मराठीच्या तासाला मिळविलेले ज्ञान इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा मुलांना दुसरा कोणता द्यावा?

काही भाग तर केवळ अर्थानेच नव्हे, जन्मानेही एक आहेत. 'अनादर', 'अनावश्यक' यांतील आपला 'अन्' आणि इंग्रजीचा 'अन्', तसेच आपला 'अंतर्' आणि 'इंटर' हे एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी कलकत्ता येथील व्याख्यानात १७८६ साली मांडला आणि पुढील भाषाशास्त्राने त्याला भक्कम आधार दिला. मनमाडचे 'जंक्शन' हा शब्दही या नात्यातला आहे. त्यातील 'जोडणे' या अर्थाचे लॅटिन मूळ आणि आपल्या 'योग', 'संयोग' या शब्दांतील 'युज्' हा धातू हे सगोत्र आहेत. जेथे रेल्वेचे मार्ग जुळतात ते 'जंक्शन', आणि जे शब्द-वाक्ये जोडते ते उभयान्वयी अव्यय म्हणजे 'कन्जंक्शन'. मुलाला स्थानक आणि व्याकरण एकाच दोरीने बांधलेले दिसते.

लांब शब्दच असे फोडता येतात आणि लहान बहुधा येत नाहीत, याचे कारण इतिहासात आहे. घर, हात, पाणी अशा रोजच्या वस्तूंसाठी मराठीत लहान, घरगुती शब्द आहेत. गृहनिर्माण, हस्ताक्षर, जलसिंचन असे लांब शब्द आपण संस्कृतावरून घडविले. इंग्रजीतही 'हाउस', 'हँड', 'वॉटर' हे तिचे मूळचे लहान शब्द. नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच भाषेतून आणि पुढे थेट लॅटिन व ग्रीकमधून लांब शब्द तिच्यात आले. आपल्या तत्सम शब्दांना जे स्थान, तेच इंग्रजीत या लॅटिन-ग्रीक शब्दांना आहे. म्हणून थोडी मुळे आणि थोडे उपसर्ग-प्रत्यय कळले, तर पुष्कळ शब्दांची दारे उघडतात.

अर्थखंडांचा आणखी एक लाभ स्पेलिंगच्या बाबतीत होतो. 'इलेक्ट्रिक' या शब्दाच्या शेवटी 'सी' हे अक्षर असून त्याचा उच्चार 'क' होतो. 'इलेक्ट्रिसिटी'त त्याच अक्षराचा उच्चार 'स' होतो, आणि 'इलेक्ट्रिशन' म्हणजे वीजतंत्री या शब्दात तेच 'श'च्या उच्चारात सामील होते. मुलाने कानावर विसंबून तीन वेगळी अक्षरे लिहिली, तर चूक होते. पण ही तीन एका घरची भावंडे आहेत आणि घराचे आडनाव लेखनात बदलत नाही, असे सांगितले की स्पेलिंग आपोआप ध्यानात राहते. 'नेशन' आणि 'नॅशनल' यांचेही तसेच. इंग्रजीचे लेखन उच्चाराशी पुष्कळदा बेइमान होते. पण कुळाशी ते बहुधा इमान राखते.

४. दोन फोडींतील भेद आणि सावधगिरी

उच्चाराची फोड आणि अर्थाची फोड या दोन स्वतंत्र क्रिया आहेत; त्या एकाच जागी पडतील असे नाही. 'सदाचार' हा शब्द बोलताना आपण 'स-दा-चार्' असे तुकडे पाडतो. अर्थाची फोड मात्र 'सत् + आचार' अशी होते. 'टीचर' उच्चारात 'टी-चर', अर्थात 'टीच + अर'. 'हेलिकॉप्टर' हा शब्द तोंडाने 'हे-लि-कॉप्-टर' असा तुटतो. त्याचे मूळ ग्रीक घटक 'हेलिको' म्हणजे मळसूत्राकार आणि 'प्टर' म्हणजे पंख असे आहेत. म्हणून फळ्यावर दोन्ही फोडी दोन ओळींत वेगवेगळ्या लिहाव्यात. एकीत दुसरी मिसळू नये.

दुसरी सावधगिरी अशी की, दिसेल तो तुकडा अर्थखंड समजू नये. 'विहीर' या शब्दात 'वि' हा उपसर्ग नाही. तद्वत 'अंकल' या शब्दात नकारार्थी 'अन्' नाही आणि 'कार्पेट' या शब्दात 'कार'ही नाही व 'पेट'ही नाही. फोड करून उरलेल्या भागाला स्वतंत्र अर्थ आहे काय, आणि तो संपूर्ण शब्दाच्या अर्थाशी जुळतो काय, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावयास लावावे.

तिसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. एकाच रूपाच्या उपसर्गाला दोन अर्थ असू शकतात. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधनसाठ्यांकडून निघणाऱ्या टँकरांसारख्या वाहनांवर 'हायली इन्फ्लेमेबल' अशी सूचना पाहण्यात येते. 'इन्व्हिजिबल'मधील 'इन्' नकारार्थी आहे, म्हणून येथेही तो तसाच असेल असे मानणारा मुलगा 'न पेटणारा' असा अर्थ करील. येथील 'इन्' हा नकाराचा नव्हे. शब्दाचा अर्थ 'चटकन पेट घेणारा' असाच आहे. फसगत होऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी आता नुसते 'फ्लेमेबल' लिहितात. या एका उदाहरणाने, अनुमान करावे पण संदर्भाने आणि कोशाने ते पडताळावे, ही शिस्त वर्गाला लावता येते.

अशा अनुमानाचे मोल आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी फार आहे. फवारणीच्या औषधांच्या डब्यांवर तीन शब्द नेहमी येतात. 'इन्-'सेक्-टि-साइड', ''फं-गि-साइड' आणि ''हर्-बि-साइड'. शेवटचा 'साइड' हा भाग 'मारणारा' या अर्थाचा आहे, आपला 'नाशक'. पहिल्याच्या आरंभी कीटक, दुसऱ्याच्या आरंभी बुरशी, तिसऱ्याच्या आरंभी वनस्पती. म्हणजे कीटकनाशक, बुरशीनाशक आणि तणनाशक. द्राक्षाच्या वेलीवर बुरशीनाशकाऐवजी तणनाशक फवारले गेले, तर वर्षाचे पीक जाते, प्रसंगी बागही जाते. घरात इंग्रजी वाचणारी व्यक्ती पुष्कळदा सहावी-सातवीतील मुलगी किंवा मुलगाच असतो आणि वडील डबा त्याच्याच हाती देतात. ते मूल लांब शब्द गिळणारे असावे की फोडून पाहणारे असावे, हे ठरविणे शिक्षकाच्या हाती आहे. डब्यावरील विषारीपणाच्या रंगीत त्रिकोणाची माहितीही याच पाठात द्यावी. मात्र डबे मुलांना शाळेत आणावयास सांगू नयेत. शब्द फळ्यावर लिहावेत.

५. नमुना पाठ

शब्द : ट्रान्स्पोर्टेशन. वर्ग : इयत्ता सहावी. वेळ : पंधरा मिनिटे. साहित्य : फळा, पांढरा व रंगीत खडू.

पहिली पायरी, ऐकणे. फळ्यावर काहीही न लिहिता शिक्षकाने शब्द स्वाभाविक गतीने तीनदा उच्चारावा. मुलांनी हनुवटीखाली हात धरून सोबत म्हणावा. 'किती खंड?' उत्तर : चार. ट्रान्स्-पॉर्-टे-शन.

दुसरी पायरी, आघात. 'शेवटचा खंड कोणता?' उत्तर : शन. 'मग जोर कोठे?' उत्तर : त्याच्या आधीच्या 'टे'वर. वर्गाने शब्द म्हणावा. 'टे'ला टाळी, इतर खंडांना बोटांची टिचकी. पाच मुलांकडून एकेकट्याने म्हणवून घ्यावा आणि त्यात मागच्या बाकावरील दोघे अवश्य असावेत.

तिसरी पायरी, अर्थ. आता शब्द फळ्यावर लिहावा आणि रंगीत खडूने 'ट्रान्स + पोर्ट + एशन' असे तीन भाग करावेत. प्रश्न विचारावेत. 'रेल्वे स्थानकावर सामान वाहून नेणाऱ्यास काय म्हणतात?' उत्तर : पोर्टर. 'तर पोर्ट म्हणजे काय करणे?' उत्तर : वाहून नेणे. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, हे शिक्षकाने सांगावे. 'एशन' हा क्रियेचे नाम बनविणारा भाग आहे, हेही सांगावे. 'तर संपूर्ण शब्दाचा अर्थ काय?' उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे : एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेण्याची क्रिया, वाहतूक. आपल्या एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान धावली. त्या संस्थेच्या नावातील 'परिवहन' हा शब्दही 'परि + वहन' असाच घडलेला आहे, हे दाखवावे.

चौथी पायरी, तुलना. उच्चाराची फोड 'पॉर्' आणि 'टे' यांच्यामध्ये पडली. अर्थाची 'पोर्ट'नंतर पडली. 'ट'चा ध्वनी एकीत पुढच्या घरी गेला, दुसरीत मागच्या घरी राहिला. ही गोष्ट मुलांना शोधून काढू द्यावी. आपण सांगू नये.

पाचवी पायरी, लेखन. फळा पुसावा. तीन अर्थखंड म्हणजे पाच, चार आणि पाच अक्षरांचे तीन गट. मुलांनी गट म्हणत शब्द लिहावा. चौदा अक्षरे पाठ करावयाची नाहीत. तीन भाग आठवावयाचे आहेत आणि त्यांतील 'एशन' हा भाग पुढे शेकडो शब्दांत पुन्हा भेटणार आहे. शेवटी 'पोर्ट' असलेले आणखी शब्द मुलांकडून गोळा करावेत : एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट.

या पाच पायऱ्यांचा क्रम बदलू नये. कान, जोर, अर्थ आणि सर्वांत शेवटी लेखणी. आपल्याकडे बहुधा स्पेलिंगने आरंभ होतो आणि अर्थाने शेवट होतो. त्यामुळे मूल ज्याचा आवाज व अर्थ ठाऊक नाही अशी वस्तू पाठ करीत बसते.

६. काही सूचना

आठवड्याला दोन शब्दांहून अधिक शब्द या रीतीने घेऊ नयेत. नीट फोडलेले दोन शब्द महिन्याला आठ होतात आणि प्रत्येकामागे त्याचे कूळ येते. वर्गाच्या भिंतीवर 'शब्दकुळे' असा एक तक्ता लावावा आणि नवा शब्द मिळाला की मुलांनीच तो योग्य कुळात लिहावा. आघाताविषयी शंका आली तर शिक्षकाने अंदाजाने सांगू नये. उच्चार दिलेला कोश पाहावा किंवा भ्रमणध्वनीवरील कोशातून उच्चार वर्गाला ऐकवावा. 'हा शब्द आपण पाहून घेऊ' असे शिक्षक म्हणाला, तर त्याचा मान कमी होत नाही. शोध कसा घ्यावा हे मुले त्यातून शिकतात. मुलांनी लंडनच्या माणसासारखे बोलावे, हा आपला हेतू नाही. भारतीय वळणाच्या उच्चारात उणेपणा मुळीच नाही. आघात योग्य खंडावर पडावा आणि शब्द ऐकणाऱ्यास कळावा, एवढेच साधावयाचे आहे.

परीक्षेतही या कामास थोडी जागा द्यावी. स्पेलिंगचे गुण केवळ बरोबर किंवा चूक असे न देता, शब्दाचे खंड बरोबर पाडणाऱ्यास आणि एखादा अर्थखंड ओळखणाऱ्यासही गुण द्यावेत. ज्या मुलाने चौदांपैकी बारा अक्षरे योग्य गटांत लिहिली, त्याला शून्य देणे न्यायाचे नाही.

७. स्वाध्याय

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना शिक्षकांनी पुढील काम करून आणावे.

(१) पुढील शब्दांचे उच्चारखंड पाडून आघाताची खूण करावी : रजिस्ट्रेशन, इलेक्ट्रिसिटी, पॉप्युलेशन, पॉसिबिलिटी, झूऑलजी, गव्हर्न्मेंट.

(२) पुढील शब्दांचे अर्थखंड पाडून प्रत्येकाशेजारी तशाच घडणीचा मराठी शब्द लिहावा : टेलिफोन, मायक्रोस्कोप, युजलेस, अन्हॅपी.

(३) आपल्या गावात मराठी वळण घेतलेले पाच इंग्रजी शब्द गोळा करावेत. मूळ शब्दातील आघाताचा खंड गावच्या उच्चारात टिकला आहे काय, ते तपासावे. हे काम मुलांना सोबत घेऊन करावे. वृद्ध माणसांच्या तोंडी असे शब्द विपुल सापडतील.

(४) आपल्या वर्गातील, लांब शब्द आला की थांबणाऱ्या एका विद्यार्थ्याची निवड करावी. एक महिना त्याच्याबरोबर रोज एक शब्द वरील पाच पायऱ्यांनी घ्यावा आणि महिन्याच्या आरंभी व अखेरीस त्याच्याकडून एकच उतारा वाचवून घेऊन फरक नोंदवावा. ती नोंद परिषदेत सर्वांसमोर, विद्यार्थ्याचे नाव न सांगता, वाचून दाखवावी.